इथेलच्या डाव्या हाताला

७ जानेवारी, मंगळवार

आमच्या पुरुषांच्या कॉयरची, म्हणजे गायकवृंदाची, नव्या वर्षाची पहिली तालीम. चॅपेलच्या मागच्या हॉलमधला हीटर नेहमीप्रमाणे नुसता आवाज करत होता. अध्यक्ष या नात्याने दोन शब्द बोललो. दोनच बोलायचं ठरवलं होतं, पण विषयच तसा होता. म्हणालो, मित्रहो, ज्या माणसांनी हे डोंगर फोडले आणि अर्ध्या जगाच्या घरांवर आपल्या पाटीच्या दगडाची छपरं घातली, त्यांची लेकरं आज हातात कागद धरून गातात! मायबोलीतलं गाणं कागदात बघून म्हणणारा आणि चिठ्ठीत नाव बघून आईला हाक मारणारा, यांच्यात फरक तो काय? आजपासून या हॉलमध्ये कागद बंद!

टाळ्या. आमची नवी संचालिका लोव्री शाळेत संगीत शिकवते, माझ्या मुलीची वर्गमैत्रीण. ती म्हणाली, काका, स्पर्धेत आपण पाठच गातो, पण तालमीला तरी कागद असू द्या की. मी म्हणालो, पोरी, तत्त्वाला तालीम नसते. ठराव पास. इथेलने हात वर करता करता जांभई दिली, तीही मतात धरली.

मेमध्ये काउंटीची स्पर्धा. गेली कित्येक वर्षं आमचा नंबर आलेला नाही. संकल्प: यंदा आणायचाच. दुसरा संकल्प: रोज सकाळी साधना.

(इथेलबद्दल एकदा लिहून ठेवतो. पहिले टेनर, म्हणजे सर्वांत वरच्या पट्टीचे, दुसरी रांग, तो आणि त्याच्या डाव्या हाताला मी. आमची मुलं लहान होती तेव्हापासून. बिचारा प्रत्येक ओळीत किंचित आधी निघतो. मी अर्ध्या क्षणाने मागून येऊन त्याला आधार देतो. या गोष्टीचा मी त्याच्याजवळ कधी उल्लेख केलेला नाही.)

१४ जानेवारी

अनर्थ. लोव्रीने इथेलला बेसमध्ये, खालच्या पट्टीवाल्यांत, पाठवलं. म्हणे आवाज खाली उतरलाय. मी उठून म्हणालो, ही रांग म्हणजे काही बसची सीट नव्हे! यामागे इतिहास आहे! इथेल काय म्हणाला? म्हणाला, बरं झालं बाई, वरचे सूर लावताना मला हल्ली ब्लडप्रेशरची गोळी आठवते. आणि कोट उचलून गेला सुद्धा. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. जाताना वळूनही बघितलं नाही.

त्याच्या जागी जेफ्री. इंग्लंडातून आलेला निवृत्त दंतवैद्य. आमची वेल्श भाषा संध्याकाळच्या वर्गात शिकला. व्याकरण इतकं बिनचूक की ऐकताना दातात ड्रिल फिरल्यासारखं वाटतं. मला वाकून म्हणाला, अध्यक्षमहोदय, आपल्या शेजारी उभं राहणं हा माझा बहुमान आहे.

बहुमान आहेच. पण माझी काळजी वेगळी आहे. माझ्याशिवाय इथेलचं कसं होणार?

१५ जानेवारी, सकाळ

साधना. स्वयंपाकघरात, कारण तिथे आवाज घुमतो. बायकोने, नेस्टाने, वरून विचारलं, दार कुणी वाजवतंय का?

स्पर्धेचं गीत आमच्याच चॅपेलच्या एका जुन्या पाद्रीसाहेबांनी लिहिलेलं. शेवटी 'ओ व्लाद', म्हणजे 'हे देशा', अशी हाक तीनदा येते. तिसरी हाक छाती रिकामी होईपर्यंत लांबवायची. तिथे दर वेळी माझ्या डोळ्यांत पाणी येतं. पूर्ण गीत मला पाठ आहे. फक्त आज आठवलं नाही. पहिली ओळ आली, मग उजव्या बाजूला एक प्रकारची शांतता आली.

कागद कपाटात आहे. ठरावाला जागून उघडला नाही.

दुपार: उघडला. ठराव हॉलपुरता आहे.

२१ जानेवारी

जेफ्री साफ चुकतो. मी जिथे थांबतो तिथे तो गातो. मी गायला लागलो की नेमका थांबतो. माझ्या दुसऱ्या बाजूला आमचा खाटीक उभा असतो, त्याला मी हळूच विचारलं, हा माणूस कुठे चाललाय? तो म्हणाला, तो बरोबर चाललाय हो, तुम्ही कुठे उतरलात?

हे असं चालायचं नाही. यावर उपाय म्हणून मी प्रस्ताव मांडला: प्रत्येकाची परीक्षा व्हावी, सगळ्यांसमोर, दोघादोघांची. दूध आणि पाणी वेगळं झालंच पाहिजे! लोव्रीचा चेहरा उजळला. म्हणाली, काका, मला हेच सुचवायचं होतं, पण ज्येष्ठांना वाईट वाटेल म्हणून धीर होत नव्हता. आता तुम्हीच म्हणालात.

ज्येष्ठांना वाईट का वाटावं? वाटलं तर जेफ्रीला वाटेल.

घरी येताना लक्षात आलं की जोडी शेजाऱ्याबरोबर लागणार.

२८ जानेवारी

दुपारी इथेलकडे गेलो. सोफ्यावर पाय पसरून रग्बी बघत होता. मनुकांच्या ब्रेडला लोण्याचा थर लावून चहात बुडवत होता. मी त्याला सगळं समजावलं: परंपरा, मैत्री, आपल्या वाडवडिलांनी त्याच हॉलमध्ये उभं राहून गायलेली गाणी. तो म्हणाला, अरे लेका मॅल, बेसमध्ये कसं सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं. चारच सूर, तेही एकमेकांचे शेजारी. मी म्हणालो, तुझ्या या सुखापुढे मला कॉयरचं हित दिसतंय. तो म्हणाला, तुला एकट्याला जमेना का?

मी म्हणालो, काळजी मला तुझी वाटते. यावर तो इतका हसला की चहा नाकात गेला. पाठ मलाच चोळावी लागली.

माणूस आजारी दिसतो.

११ फेब्रुवारी

परीक्षा झाली. सविस्तर लिहीत नाही.

थोडं लिहितो. सुरुवात उत्तम. माझा पहिला सूर हॉलच्या छताला लागला, त्यानंतर मी मधल्या भागात जेफ्रीला मोकळीक दिली. नवख्याला वाव द्यावा. शेवटच्या तीन हाका मात्र मी पूर्ण ताकदीने मारल्या. या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही.

गाणं संपलं. जेफ्रीने अदबीने हात वर केला. म्हणाला, माफ करा, अध्यक्षमहोदय, मी अजून विद्यार्थी आहे. पण मला वर्गात 'ओ व्लाद' म्हणजे 'हे देशा' असं शिकवलं. आपण तिन्ही वेळा 'ओ व्लान' म्हणालात. व्लान म्हणजे लोकर ना?

लोव्रीने पियानोच्या झाकणावर कपाळ टेकलं.

अशा वेळी माणसाची विद्वत्ता कामी येते. आयुष्यभर काउंटीच्या ग्रंथालयात काय मी नुसते शिक्के मारले? म्हणालो, मित्रा, तू पुस्तकी भाषा शिकलास, आम्ही ती दुधाबरोबर प्यालो! आमच्या या खोऱ्यात शब्दाच्या शेवटी 'द'चा 'न' करण्याची अतिप्राचीन लकब आहे. लंडनच्या राजांनी ती खुडली, शाळांनी ती छड्या मारून मोडली, पण लोकांच्या गळ्यातून ती गेली नाही आणि जाणारही नाही! तीन ग्रंथांचे दाखले दिले. त्यांतले दोन अस्तित्वात आहेत.

जेफ्रीच्या डोळ्यांत आदर उमटला. खिशातून पेन्सिल काढून त्याने मनगटावर काहीतरी टिपून घेतलं. कागद बंद आहेत ना.

नेस्टाला घरी सांगितलं. ती म्हणाली, मी याच खोऱ्यात जन्मले, माझी आईही इथलीच. अशी कुठली लकब? मी म्हणालो, घरच्यांना कळत नाही.

१८ फेब्रुवारी

जगात चांगुलपणासारखं घातक काही नाही. जेफ्रीने आज तिन्ही वेळा 'ओ व्लान' म्हटलं. खणखणीत, स्पष्ट, इंग्रज माणसाच्या संपूर्ण श्रद्धेने. इतकंच नव्हे, आठवडाभर त्याने हे रांगेतल्या बाकीच्यांनाही पटवलं. अध्यक्षांनी दाखले दिलेत म्हणे. तेव्हा पहिल्या टेनरांची आख्खी रांग, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, हे लोकरी, हे लोकरी, हे लोऽऽकरी!

लोव्रीने हात खाली टाकले. म्हणाली, मला देशासाठी जीव देणारी माणसं हवीत हो, कातरायला निघालेली नकोत.

मी लकबीबद्दल सांगायला उठलो, तेवढ्यात बेसमधून इथेल ओरडला, अरे मॅल, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? लांब सुरावर 'द' म्हटलं की माझी वरची कवळी निसटते. म्हणून मी 'न'वर तोंड मिटतो. तू कशाला मिटतोस? तुझे दात तुझेच आहेत की!

जेफ्रीने दंतवैद्याच्या गांभीर्याने मान डोलावली. म्हणाला, शक्य आहे, वरची पट्टी सैल असली तर असं होतं.

चाळीस पुरुष हसतात तेव्हा चार पट्ट्यांत हसतात. बेस सर्वांत वाईट.

तिथल्या तिथे अध्यक्षपदाचा आणि सदस्यत्वाचा राजीनामा दिला. म्हणजे देत होतो. आमच्या कॉयरमध्ये एक रिवाज आहे. अध्यक्ष राजीनामा देऊ लागला की बेसवाल्यांनी एखादं भजन धरायचं, सगळ्यांनी त्यात सामील व्हायचं, आणि भजन संपेपर्यंत राजीनामा मागे घेतला असं समजायचं. दर वर्षी वार्षिक सभेत माझ्यासाठी गातात. दर वर्षी मला भरून येतं. आज भजन संपल्यावर मी पुन्हा म्हणालो, नाही, मी खरंच जातोय. त्यांनी दुसरं धरलं. दाराशी पोचेपर्यंत तिसरं. दारात खाटीक उभा होता, तोही गात होता, आणि त्याच्या बाजूने जायला वाट नसते.

सहा कडव्यांचं भजन माणसाला आत डांबू शकतं हे मला माहीत नव्हतं.

१ मार्च, आमच्या वेल्सच्या संत डेव्हिडचा दिवस

चॅपेलमध्ये चहा. कोटाला डॅफोडिलचं फूल. दर वर्षीप्रमाणे भाषण माझं. यंदा रंग वेगळाच चढला. भाषा गेली की डोंगर नुसते दगड उरतात, असं म्हटलं तेव्हा पुढच्या बाकावर दोन बायका रडल्या. मग आवाज टिपेला नेऊन म्हणालो, हा आपला देश!

मागून कुणीतरी मेंढीसारखं 'बेंऽऽ' केलं.

भाषण आटोपतं घेतलं. तसंही चहा गार होत होता.

८ एप्रिल

निर्णय झाला. माझा आवाज गेला आहे.

पूर्ण. डॉक्टरकडे जायची गरज नाही, मला आतून कळतं. एक-दोन महिने गाता येणार नाही, स्पर्धाही हुकेल, इलाज नाही. नेस्टाला हातवारे करून सांगितलं. तिने शांतपणे मध, लिंबू आणि टॉवेल आणून ठेवला. म्हणाली, घरात अशी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच आली, दोन महिने खरंच पुरेल का?

११ एप्रिल

सुखाचे तीन दिवस. फोन आला की नेस्टा सांगते, तो बोलू शकत नाही. मग तिकडून काहीतरी म्हणतात आणि ती बराच वेळ हसते.

१२ एप्रिल, शनिवार, दुपार

जेवून जरा पडलो होतो. खिडकीखाली बूट वाजले. बघतो तर आख्खी कॉयर, गेटपासून मांजराच्या भांड्यापर्यंत. आजारी सभासदासाठी गायला आले होते. सगळी गल्ली दारांत येऊन उभी. शेजारीण अंगणात वाळत घातलेले कपडे काढू लागली, तेवढी जागा झाली म्हणून दुसरे टेनर तिच्या कुंपणाच्या आत.

पहिलं भजन सोसलं. दुसरं सोसलं. मग पुढच्या रांगेतल्या जेफ्रीने टोपी काढली आणि स्पर्धेचंच गीत सुरू केलं, माझं मन रमावं म्हणून. आता तीन हाका येणार हे कळताच मला राहवलं नाही. खिडकी उघडली आणि ओरडलो, बास करा, घरी जा सगळे!

खालून इथेल म्हणाला, आला रे आवाज! बघा, म्हणत नव्हतो मी?

टोप्या हवेत उडाल्या. खाटकाने चॅपेलकडे बघून देवाचे आभार मानले. मला वाटतं तो मनापासून मानत होता, हेच भयंकर आहे. शेजारणीने सगळ्यांना चहा केला.

२२ एप्रिल

नवी योजना, आणि ही पक्की आहे. बेस मंचाच्या उजव्या टोकाला असतात. मी आपल्या रांगेच्या उजव्या टोकाला उभा राहिलो आणि मान जराशी वळवली, तर इथेलचा जबडा दिसतो. शब्द नाही तरी कधी उघडायचं आणि कधी मिटायचं ते कळेल. म्हणजे त्याला माझ्या नजरेचा आधार मिळेल.

लोव्रीला सांगितलं, वयोमानाने मला कडेला मोकळी हवा लागते. ती म्हणाली, काका, तुम्ही अध्यक्ष, तुम्ही रांगेच्या मधोमध. लोक तुमच्याकडे बघतात. एका बाजूला जेफ्री, दुसऱ्या बाजूला खाटीक, पुढे एक उंच पोस्टमन, मागे भिंत. मी म्हणालो, मला चक्कर आली तर? ती म्हणाली, पडायला जागाच नाही, बिनधास्त राहा.

नेस्टाने रात्रीचं वाढताना विचारलं, तुला नको असेल तर सरळ नाही म्हणत का नाहीस? या बाईला संघटना म्हणजे काय ते कळत नाही. मी तेवीस वेळा नाही म्हणालो असेन. दर वेळी त्याला चाल लावली गेली.

३ मे, शनिवार, सकाळ

स्पर्धा. बस सुटायला अवकाश आहे. कॉलर दीड इंच लहान झाली आहे, धुण्यात आटली असावी. कागद पुन्हा वाचला. पहिलं कडवं येतं. दुसरं कडवंही, पहिलं म्हणून झाल्याबरोबर ताबडतोब म्हटलं तर येतं. मध्ये बसचा हॉर्न वाजला तर येत नाही.

मन शांत आहे. थोर माणसं संकटातच शांत असतात, हे मी कितीतरी चरित्रांत वाचलंय. त्यांना दुसरं करता तरी काय येत असणार!

४ मे, सकाळ

जिंकलो.

पुन्हा लिहितो, कारण लिहायला बरं वाटतं: जिंकलो. पहिला नंबर.

क्रमाने लिहितो. मंचावर चढलो. जेफ्रीचा खांदा, खाटकाचा खांदा, पोस्टमनची मान, भिंत. दिवे असे की समोरचे लोक दिसेनात, फक्त लोव्रीचे हात दिसत होते. हात उठले. मी तोंड उघडलं.

आणि त्याच क्षणी मनाशी ठरवलं की सूर राखून ठेवायचा. असं का ठरवलं हे शब्दांत सांगता येणार नाही. नेतृत्वात असे क्षण येतात. पहिल्या ओळीत राखला. दुसऱ्या ओळीत राखला. ओठ नीट हलत होते, भुवया योग्य जागी उंचावत होत्या, छाती भरत होती. तिसऱ्या ओळीपर्यंत मला जाणवलं की हे एखाद्या सुरापेक्षा अवघड आहे. सूर कुणीही सोडू शकतो. पहिली हाक आली, राखली. दुसरी आली, राखली. आजूबाजूला देशाच्या हाकेतला 'द' असा कोरून निघाला की अंगावर काटा आला. तिसऱ्या हाकेला लोव्रीने थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि हात लांबवला. मी सर्वस्व पणाला लावलं. चेहरा लाल झाला असावा. आवाज केला नाही.

परीक्षक म्हणाले, पहिल्या टेनरांचा इतका स्वच्छ, एकजीव सूर या कॉयरकडून आपण आजवर ऐकला नव्हता, हा चमत्कार कसा घडला ते संचालिकेने जरूर सांगावं. लोव्री नुसती वाकली.

मग पबमध्ये गर्दी, बिअरचे पाइंटवर पाइंट, मला टेबलावर चढवलं. जेफ्री रडत होता. म्हणाला, आपल्या शेजारी आज मला प्रथमच माझा स्वतःचा आवाज ऐकू आला. हे कौतुक मी नम्रपणे स्वीकारलं. टेबलावर उभा आहेच तर म्हटलं, मित्रहो, शिखरावरून निवृत्त व्हावं असं मोठी माणसं सांगून गेली आहेत—

गायला लागले.

लोव्री भजन संपेपर्यंत थांबली. मग मला हात देऊन खाली उतरवलं आणि कानाशी म्हणाली, काका, ऑगस्टमध्ये आता राष्ट्रीय स्पर्धा. तोपर्यंत कुणाची जागा बदलायची नाही, सगळ्यांना सांगितलंय. तुम्हीही अगदी आजच्यासारखंच गायचं. म्हणजे अगदी तसंच. काहीही वाढवू नका.

मी म्हणालो, तुझ्या लक्षात आलं तर.

ती म्हणाली, पोर होते तेव्हापासून तुम्हाला ऐकतेय, लक्षात कसं येणार नाही? आणि माझ्या कोटाची कॉलर नीट केली. मायेने केली. तेवढ्याने मला का कोण जाणे, सुटका दूर गेल्यासारखी वाटली.

इथेल दाराशी सिगारेट ओढत उभा होता. मी जाऊन त्याच्या डाव्या हाताला उभा राहिलो. तो बाजूला सरकून म्हणाला, जरा वारा येऊ दे लेका.

१३ मे, मंगळवार, सकाळ

ऑगस्ट दूर नाही. संकल्प: रोज साधना, खंड नाही. राखीव सूर ही पूर्ण वेगळी शिस्त आहे आणि या वयात तिची सुरुवात करणारा मी बहुधा पहिलाच.

आज न्याहारीनंतर स्वयंपाकघरातल्या आरशासमोर उभा राहिलो. पहिलं कडवं निर्दोष. दुसरं कडवं निर्दोष. जबडा सैल, श्वास खोल, डोळ्यांत देश. घरात घड्याळाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. शेवटाला आलो, छाती भरली, तोंड पूर्ण उघडलं, चेहरा लाल होऊ दिला.

नेस्टा धुतलेले कपडे घेऊन आत आली, माझ्याकडे बघितलं, टोपली टाकली आणि, अरे देवा, घास अडकला याला, असं म्हणत पाठीत दोन सणसणीत धपाटे घातले.

तोंडून आवाज निघाला. सगळी सकाळ वाया गेली.